प्रमिलाकाकूंच्या चौकश्या

प्रमिलाकाकू मला पहिल्यांदा भेटल्या त्या भारतीय किराणा दुकानात, फ्रोजन भेंडीच्या कपाटापाशी. मी नवऱ्याशी फोनवर मराठीत बोलत होते, एवढंच निमित्त झालं. फोन ठेवायच्या आत एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई माझ्या ट्रॉलीला आडवी आली. "मराठी ना तू? आडनाव काय? गाव कोणतं? अन् माहेरचं आडनाव?" माझ्या हातातली भेंडी मऊ पडायला लागली तोवर त्यांनी माझ्या मावससासूच्या नणंदेपर्यंत मजल मारली होती, आणि ती नणंद अमरावतीत त्यांच्याच गल्लीत दिलेली निघाली. "म्हणजे नात्यातलीच झाली तू," त्या म्हणाल्या. मी पुण्याची. आमच्याकडे एवढी माहिती काढायला दोन पिढ्या शेजारी राहावं लागतं.

काकूंचं स्वतःचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. ते न विचारता पुढे वाचता येतं का, हे बघा. मला स्वतःला ते जड गेलं असतं, हेही कबूल करते.

"मंगळवारी संध्याकाळी काय करते?" हा त्यांचा त्या दिवशीचा शेवटचा प्रश्न. मी भाबडेपणाने "काही नाही" म्हणाले आणि दोन महिन्यांत आमच्या उपनगराच्या मानवी हक्क आयोगाची सदस्य झाले. मिनिॲपोलिसच्या पश्चिमेला असलेलं आमचं गाव तसं शांत. तळी, मॉल, ऑफिसं आणि सहा महिने बर्फ. अशा गावाला मानवी हक्कांचा आयोग लागतो, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

आयोग म्हणजे ऐकायला केवढं वाटतं. प्रत्यक्षात सिटी हॉलमधली मागची खोली, पाणचट कॉफी आणि टेबलाभोवती आम्ही सात-आठ हौशी माणसं. पगार नाही. अधिकार त्याहून नाहीत. कुणाला घर नाकारलं, कुणाला दुकानात वाईट वागवलं, अशी तक्रार आली की दोन्ही बाजूंचं ऐकायचं, दोघं तयार असतील तर समोरासमोर बसवायचं, नाहीतर राज्याच्या खात्याकडे वाट दाखवायची. अधूनमधून सिटी कौन्सिलला सल्ला द्यायचा. तो कौन्सिलने ऐकलाच पाहिजे असं नाही. काकू म्हणायच्या, "आपल्या कमिशनले दात नाहीत, कानच आहेत. मंग कान तरी मोठे ठेवा."

त्यांचे कान मोठे होतेच, पण डोळे त्याहून. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झालेली. काका गेल्यावर एवढ्या मोठ्या घरात एकट्या, पण एकटं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तक्रार आली की आम्ही बाकीचे कागद वाचायचो आणि काकू जागेवर जायच्या. "कागदावर माणूस सरळ बसते. घरी पाहा, कसा बसते ते." आणि गेल्यावर एकच शब्द, पुन्हा पुन्हा: काहून? म्हणजे का? तुम्ही का चिडलात, कुंपण इथेच का, बस तिथे का थांबत नाही. समोरचा अमेरिकन असला तर इंग्रजीत, पण सूर अमरावतीचाच.

एका हिवाळ्यात चाकाच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांची तक्रार आली. बर्फ काढणारा ट्रक फुटपाथच्या उताराच्या तोंडाशीच ढीग लावून जातो आणि त्यांना बसस्टॉपवर जाता येत नाही. सिटीच्या माणसाचं म्हणणं, आम्ही नियमाप्रमाणे बर्फ काढतो. काकूंनी कुठून तरी चाकाची खुर्ची मिळवली, दोन कोट आणि माकडटोपी घालून त्या तीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "मले ढकलू नको. मी पाहून राहिली ना." दहा पावलांवर चाक रुतलं. मी मदतीला गेले तर मला दटावलं. शेवटी सिटीच्या माणसालाच बोलावून घेतलं आणि त्यानेच त्यांना ओढून काढलं. त्याला त्या अगदी कुतूहलाने विचारत होत्या, "आता तू मला काढलंस. मी एकटी असते तर मे महिन्यापर्यंत थांबायचं होतं का?" पुढच्या बर्फात ढीग दुसऱ्या बाजूला पडला. बाईला पंधरा दिवस खोकला पुरला, पण चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

अशा या काकूंसमोर स्नेहलची तक्रार आली. तिला मी इथे स्नेहल म्हणते; हे लिहायला तिने होकार दिला आहे. युनिव्हर्सिटीतून मास्टर्स करून ती नुकतीच आमच्या गावात नोकरीला लागली होती. गाडी नव्हती, म्हणून ऑफिसजवळ खोली हवी होती. एका मराठी घरात बेसमेंटची खोली भाड्याने होती, स्वयंपाकघर वर, सगळ्यांचं एकच. फोनवर घरमालक म्हणाले, "अगं, आपलीच मुलगी मिळाली, बरं झालं." ती खोली बघायला गेली. तिथे विचारणा झाली. आडनाव असं होतं की त्यावरून अंदाज येईना. मग गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला, वडिलांची नोकरी कशी लागली, घरी कुठले सण करता. स्नेहलला कळलं काय चाललंय ते. ती म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यात मोठा सण चौदा एप्रिल." दुसऱ्या दिवशी मेसेज आला की खोली एका नातेवाइकाला दिली. जाहिरात मात्र महिनाभर तशीच होती.

आमच्या अध्यक्ष कॅरल, निवृत्त मुख्याध्यापिका, अतिशय सज्जन बाई. त्या पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "पण आडनाव विचारण्यात वाईट काय आहे? आणि सणांचा काय संबंध?" सगळ्यांच्या नजरा आम्हा दोघींकडे. मी कॉफीत बघत बसले. काकूही पहिल्यांदाच गप्प होत्या, कारण घरमालकाचं नाव त्यांनी वाचलं होतं. ते विलासराव होते. विलासराव आणि त्यांच्या पत्नी मंगलाकाकू म्हणजे काकूंचं इथलं माहेर. काका गेले तेव्हा हॉस्पिटलपासून अस्थींपर्यंत सगळं या दोघांनी निभावलेलं. इथल्या मराठी मंडळाचा गणपती वर्षानुवर्षं त्यांच्याच गराजमध्ये सजायचा.

सिटीच्या वकिलाने सांगितलं की मालक स्वतः राहतो त्या घरातल्या खोलीपर्यंत कायद्याचा हात पोचत नाही, आणि जात हा शब्द तर आमच्या कायद्यात नाहीच. म्हणजे उरलं एवढंच, दोघांना समोरासमोर बसवणं, तेही विलासराव आपणहून आले तर. कॅरलनी स्नेहलला विचारलं, तुला यातून काय हवं आहे? ती म्हणाली, "मला खोली नको. माफीपण नको. मला का नाही दिली, ते त्यांनी तोंडाने सांगावं. एकदा. घरी आईबाबा नेहमी म्हणतात, कोणी तोंडावर बोलत नाही म्हणून आपल्यालाच वाटत राहतं की आपण कल्पना करतोय. मला कल्पना करायची नाहीये."

काकू दुसऱ्याच दिवशी विलासरावांकडे गेल्या. मी गाडीतच थांबले. तासाभराने बाहेर आल्या त्या सरळ पट्टा लावून बसल्या. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाल्या, "येतो म्हणते. माझ्यासाठी येऊन राहिला तो, तिच्यासाठी नाही." मग गाडीतून उतरताना, "मंगला चहा ठेवते म्हणाली अन् बाहेरच नाही आली स्वयंपाकघरातून." आयोगाच्या नियमाप्रमाणे ओळखीच्या माणसाच्या बाबतीत सदस्याने मत द्यायचं नसतं. काकूंनी ते आधीच सांगून टाकलं. कॅरल म्हणाल्या, मत देऊ नकोस, पण बैठकीला बस. आम्हाला यातलं काही कळणार नाही.

विलासराव आले ते इस्त्रीच्या शर्टात, हसतमुख. इंग्रजीत म्हणाले, गैरसमज झाला आहे, आमच्याकडे पाहुण्याची विचारपूस करण्याची पद्धत आहे, त्यात प्रेम असतं. कॅरलनी मान डोलावली. त्यांना ते पटत होतं, आणि न पटण्यासारखं त्यात काही दिसतही नव्हतं. मग ते काकूंकडे वळले. "प्रमिलाला विचारा. ही तर सगळ्यांनाच विचारते. ती विचारते तेव्हा चालतं, मग मीच काय गुन्हा केला?"

काकू रागावतील असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चाक का रुतलं ते पाहताना जसा होता तसाच चेहरा होता. "हाव, मी विचारते," त्या मराठीत म्हणाल्या. "मले वाटे मी माणसं जोडून राहिली. पण विलास, तू बोलला तं मी मोजून राहिली मनात. आडनावावरून इतकी माणसं जोडली मी, ती समदी आपलीच निघाली. ज्यांचा धागा लागला नाही ती कोठं गेली, हे मी कधी पाहिलंच नाही."

स्नेहल म्हणाली, "मी सांगू काकू? मी प्रसादाच्या लाइनमध्ये गेले. गेल्या गणपतीत तुम्ही मला विचारलं होतं. मी नुसतं गाव सांगितलं आणि निघून आले. तुम्ही छान हसलात, आणि मग पलीकडच्या मुलीशी बोलायला लागलात." तिच्या आवाजात काही लागट नव्हतं. काकूंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना ती आठवत नव्हती, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं असावं.

मग त्या विलासरावांना म्हणाल्या, "आता माझं झालं. तुझं सांग. काहून नाही दिली?" विलासराव मराठीत, अगदी खालच्या आवाजात बोलले, "आई असते ना गं इथे सहा महिने. स्वयंपाकघर एकच. तिला ही जात चालत नाही. मलाही... नको वाटलं."

कॅरलनी विचारलं, ते काय म्हणाले? काकूंनी सांगितलं, सावकाश, लॅबचा रिपोर्ट सांगावा तशा इंग्रजीत. "ते म्हणाले की ही मुलगी ज्या जातीत जन्मली त्या जातीचा हात त्यांच्या आईला चुलीजवळ चालत नाही, आणि त्यांनाही चालत नाही. आणि हे माझं स्वतःचं: आमच्या घरातही हेच होतं. मी तेच फक्त गोड बोलून करत आले." कॅरलनी चष्मा काढला. स्नेहल उठली, जाकीट घातलं आणि विलासरावांना म्हणाली, "थँक यू काका." ती चेष्टा नव्हती.

नंतर सिटी हॉलच्या दारात काकूंनी तिला गाठलं. माझ्या घरी चार खोल्या आहेत, माझ्याकडे राहा, म्हणाल्या. स्नेहलने नम्रपणे मान हलवली. "नको काकू. तुमच्याकडे राहिले तर रोज तुम्हाला बरं वाटतंय ना, ते मला बघावं लागेल." मला ते टोचलं. काकू मात्र घरी परतताना गाडीत स्वतःशीच म्हणत होत्या, "बरोबर बोलली पोट्टी. एकदम बरोबर." स्नेहलने बसच्या रस्त्यावर एक छोटं अपार्टमेंट घेतलं. काकू तिच्याकडे जात, पण बोलावलं तेव्हाच.

मंडळातून काकूंना फोन यायचे बंद झाले. कुणी भांडलं नाही. आपल्याकडे भांडत नाहीत, यादीतून नाव गळतं. विलासराव निदान दुकानात मान तरी हलवायचे, मंगलाकाकू ट्रॉली वळवायच्या. इतक्या वर्षांची मैत्रीण. काकूंनी ते मनाला लावून घेतलं आणि मलाही त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पुढे गुडघे बर्फात चालेनात म्हणून मुलाने त्यांना दूर दक्षिणेला, बर्फ न पडणाऱ्या शुगर लँडला नेलं. फोनवर तक्रार एकच, "इथं कोणी पायी चालतच नाही वं. कोणाले काय विचारू?" तिथेही त्यांनी आयोग आहे का याची चौकशी केली होती.

या वसंतात काकू गेल्या. इथल्या सिटी हॉलच्या त्याच खोलीत कॅरलनी छोटी सभा ठेवली. मंडळातलं कुणी येणार नाही असं मी धरून चालले होते. सगळे उठताना मागच्या खुर्चीवर मंगलाकाकू दिसल्या, एकट्या. मी जवळ गेले तर माझा हात धरला, आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागल्या.

"स्नेहल आली होती त्या दिवशी तिनं पाणी प्यायलं तो ग्लास मी फेकून दिला. विलासला माहीतसुद्धा नाही. तिला खोली द्यायला नको, असं आधी मी म्हणाले. तिकडे कमिशनमध्ये तो एकटा बोलला, मी घरी बसले." त्यांनी माझा हात सोडला. "प्रमिलाचा जायच्या आठवडाभर आधी फोन आला होता. म्हणाली, 'मंगला, मी तुले काही विचारणार नाही. तुले सांगावं वाटलं तं मले नको सांगू, तिले सांग.' मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवला." मग त्यांनी पर्समधून फोन काढला. "नंबर आहे का तिचा?"

मी आधी स्नेहलला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "दे. पण तू काही सांगू नकोस मला. त्यांनीच सांगू दे."

नंबर देऊन बरेच आठवडे झाले. परवा स्नेहल बसस्टॉपवर भेटली. फोन अजून आलेला नाही म्हणाली. "ऑफिसमध्ये मी फोन सायलेंटवर ठेवायचे, यार," ती म्हणाली. "आता ठेवत नाही."