फोटोला मनाई, चित्राला नाही

सर्वप्रथम एक जाहीर तक्रार. नांदेडच्या बसस्थानकाबाहेर मिळणारा चहाचा कप आता आचमनाच्या पळीएवढा झाला आहे. पहिला कप घशाखाली गेला तेव्हा सवयीने 'केशवाय नमः' तोंडात आलं. तिसऱ्या कपाला विधी यथासांग पार पडला, पण चहा प्यायल्याचं काही जाणवेना. मी चहावाल्याकडे रीतसर निषेध नोंदवला. तो ढिम्म. "दूध मिळून राहिलंय काका, पाणी न्हाई. कप मोठा करू का धंदा चालू ठेवू?" समाजाचा हा ऱ्हास मूकपणे पाहणं मला शक्य नाही, म्हणून लिहून ठेवतो.

नांदेडला मी हौसेने गेलो नव्हतो. मराठवाड्यात दुष्काळ होता आणि लातूर जिल्हा फोडून नवा जिल्हा होणार अशी हवाही होती. संपादकांनी दोन्ही विषय एकाच सहलीत उरकायला सांगितले. "आणि फोटो आण," ते म्हणाले. "पूल, तलाव, स्टेशन. नुसते शब्द नकोत." संस्कृत पाठशाळेत शिकलेल्या माणसाला हे वाक्य जिव्हारी लागतं, पण पगार तेच देतात. औरंगाबादहून सकाळची गाडी धरली, दुपारी नांदेडला उतरलो. कुणी जाणार असाल तर घरूनच पाण्याचे दोन कॅन घ्या. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली सहज मिळते, नळाला पाणी येईल का हे मात्र मॅनेजरलाही ठाऊक नसतं.

संध्याकाळी गोदावरीच्या पुलावर गेलो. कॅमेरा डोळ्याला लावतो न लावतो तोच मागून आवाज आला.

"काका, काय करून राहिले?"

पोलीस होता. तरुण, घामाघूम, बोलायला बरा.

"फोटो काढतोय. पुलाचा."

"पुलाचा न्हाई काढायचा. बंदी हाय."

"मग नदीचा काढू?"

त्याने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. खाली वाळू, वाळूत क्रिकेट. "नदी दिसली तर काढा," तो म्हणाला.

आमच्या शेजारीच तीन मुली कठड्याला टेकून, तोंडं वाकडी करून मोबाईलवर स्वतःचे फोटो काढत होत्या, पाठीमागे अख्खा पूल. मी बोट दाखवलं. "त्यो मोबाईल हाय. तुमचा कॅमेरा हाय," त्याने समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या फलाटावर मात्र कॅमेऱ्याला आणि मोबाईलला समान न्याय मिळाला. दोन्ही पिशवीत ठेवायला लावले.

मला एका जागी बसवेना. लॉजमध्ये थांबायचं तर पंखा गरम वारा फेकत होता. अर्धापूरला जाऊन आलो, वडाप जीपने अर्धा तास. केळीच्या बागांचं गाव, पण पानं तपकिरी होऊन खोडाला लोंबत होती, वारा आला की कोरड्या कागदासारखी वाजत. एक बागवाला बांधावर बसला होता. मी फोटो काढू का, विचारलं. सवयच लागली होती. "काढा की," तो म्हणाला, "हिच्यावर कुणाची बंदी न्हाई." एवढा एक फोटो मला विनासायास मिळाला, आणि तो काढावासा वाटला नाही. तरी काढला.

मंगळवारी अहमदपूरची एस.टी. पकडली. गाडीत नव्या जिल्ह्याची स्थापना जोरात चालू होती. उदगीरचा एक गृहस्थ मुख्यालय उदगीरला देऊन मोकळा झाला होता, अहमदपूरचा एक जण ते परत मागत होता.

"जिल्हा झाला की कलेक्टर येईल, ऑफिसं येतील."

"कलेक्टर आंघोळ कुठं करंल?"

गाडी हसली. माझ्या शेजारी बसलेल्या बाई हसल्या नाहीत. मांडीवर कागदांची पिशवी, हातात अंगणवाडीची वही. त्या बराच वेळ माझ्या कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, त्याच्यात विहीर मावंल का?"

या सुमनताई. एका लहान गावाच्या कडेला असलेल्या बौद्ध वस्तीतल्या अंगणवाडी सेविका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाला टँकर सुरू झाला होता, पण तो चौकात थांबायचा आणि वस्तीपर्यंत पोचेपर्यंत रिकामा व्हायचा. वस्तीसाठी वेगळा टँकर हवा, तर वेगळा अर्ज हवा. अर्जाला 'उद्भव कोरडा पडल्याचे छायाचित्र' हवं. (पाण्याच्या मुळाला सरकार उद्भव म्हणतं. अहो, मीही इतकं शुद्ध बोलत नाही.) आता वस्तीचा उद्भव म्हणजे साठवण तलावाच्या काठची विहीर. पाण्यावरून मारामाऱ्या झाल्यापासून तलावासकट तिला काटेरी तारेचं कुंपण, दारात होमगार्ड आणि पाटी : 'फोटो काढण्यास सक्त मनाई'. ताईंच्या भाच्याने मोबाईलवर फोटो काढला, तर त्याला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं आणि फोटो पुसून टाकला.

"मग सध्या पाणी कुठलं?"

"शेजारच्या शेतातले पाटील त्यांच्या बोअरचं देऊन राहिलेत. भला माणूस हाय. पण आज सकाळीच म्हणले, ताई, धार बारीक झाली. आठ दिवस धरा, पुढं माझ्या जनावरालाच पुरणार न्हाई." मग वही मिटत म्हणाल्या, "अंगणवाडीत बारकी लेकरं हायत, भाऊ. खिचडी शिजवायला तरी पाणी लागतंय न्हवं?"

अहमदपूरच्या स्थानकावर भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. पत्रावळीवर, कारण ताटं धुवायला पाणी नाही. पोट भरतं आणि महागही नाही. मग संपादकांना न विचारता ताईंबरोबर वडापमध्ये बसलो.

वस्तीत ताईंचे सासरे भेटले. गायकवाड सर, चाळीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, खिशाला तीन पेन्सिली. जय भीम झाला, वाटीभर पाणी समोर आलं. ती वाटी मी नको म्हणून परत केली, तर ते रागावले. "पाहुण्याला पाणी न्हाई दिलं तर मग काय दिलं?"

सगळे मिळून विहिरीवर गेलो. होमगार्डचं नाव ज्ञानोबा. मी प्रेसचं कार्ड दाखवलं आणि चूक केली. "पत्रकार म्हटल्यावर तर न्हाईच," तो म्हणाला. "सायेब, रोजाच्या ड्युटीवर हाय मी. फोटो भाईर गेला की मी घरी."

ताई तारेला धरून उभ्या राहिल्या. अवघडून गेलेल्या ज्ञानोबानेच मग पाटीकडे पाहिलं, सरांच्या खिशातल्या पेन्सिलींकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुर्जी, फोटोला मनाई हाय. चित्र काढायला कुठं न्हाई म्हणलंय?"

ज्याचा निषेध नाही ते करायला मोकळीक आहे, हे आमच्या पाठशाळेत दोन वर्षं घोकून घेतलं होतं. ज्ञानोबाने ते उभ्या उभ्या सांगितलं. ताईंनी लगेच तहसील कचेरीतल्या कारकुनाला फोन लावला. चित्र चालेल का? पलीकडून उत्तर आलं, "आणा तर खरं."

सरांना एकट्याला आत सोडलं. ज्ञानोबाने त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

"मला तुम्ही चित्रकलेत नापास केलं होतं, गुर्जी."

"नापास न्हाई केलं. तू कागदच दिला न्हवता. आता उन्हातून बाजूला हो."

तासभर सर विहिरीच्या काठावर बसून रेघा मारत होते. मी तारेबाहेर बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत येरझाऱ्या घालत होतो. मला लातूरची गाडी गाठायची होती. चित्र बाहेर आलं तेव्हा वस्तीतले दहा-बारा जण भोवती गोळा झाले. दगड न् दगड ओळखू येत होता, तुटका रहाट, मोटारीचा पाईप, सगळं. मी वाहवा केली. तळाच्या छायेमुळे विहिरीला काय खोली आली आहे, असंही म्हणालो. सरांनी लाजून मान खाली घातली.

"भाऊ, खाली तुमची सही असू द्या," ताई म्हणाल्या. "भाईरच्या माणसाची सही असली की वजन पडतंय."

मी झोकात लिहिलं : 'समक्ष पाहून काढलेले यथार्थ चित्र'. खाली सही, मोबाईल नंबर. आठवण म्हणून चित्राचा मोबाईलवर फोटो घेतला. ज्ञानोबाने हरकत घेतली नाही.

लातुरात लॉजवर माणशी एक बादली, तीही वर उचलून न्यायची आपणच. सकाळी सुशीला खाल्लं. चुरमुऱ्यांचा हा प्रकार इथे आलात तर चुकवू नका, कांदा सढळ हाताने घालतात. स्टेशनकडे निघालो होतो, एवढ्यात ताईंचा फोन.

"भाऊ, अर्ज अडवून ठेवलाय. सायेब म्हणले, चित्रात पाणी दिसून राहिलंय."

रस्त्यातच मोबाईल उघडला. चित्र मोठं करून पाहिलं. विहिरीच्या तळाशी बारीक आडव्या रेषा होत्या, आणि त्यांत पाईपाचं उलटं प्रतिबिंब. मी खोली म्हणून ज्याचं कौतुक केलं होतं, ते पाणी होतं.

फोनवर सर आले. "चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं हो. विहिरीचा तळ आला की आडव्या रेषा. हात गेला. तिथं चिखलसुद्धा न्हाई, तडे हायत तडे. सवयीनं माझा हात गेला."

त्याच दिवशी त्यांनी दुसरं चित्र काढून दिलं, तड्यांसकट. पण कचेरीत आता एका विहिरीची दोन चित्रं झाली, एक पाण्याचं, एक कोरडं. कुठलं खरं?

मी स्टेशनवर गेलो. फोटो काढू दिला नाही. नव्या जिल्ह्यावर चार माणसांशी बोललो, चौघांनी चार मुख्यालयं सांगितली. एक दिवस जास्त राहायचं ठरलं होतं, तो मी राहिलो नाही. संध्याकाळच्या गाडीने परत निघालो.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कारकून फोनवर होता. अगदी अदबीने बोलत होता. "सर, पहिल्या चित्राखाली आपली सही आहे. समक्ष पाहिलं असं लिहिलंय. विहिरीत पाणी होतं का नव्हतं, एवढंच सांगा."

कोरडी होती, हे दोनच शब्द होते. ताईंवर, सरांवर, ज्ञानोबावर माझा पूर्ण विश्वास होता, आजही आहे. पण तोंडातून आलं ते असं : "मी बाहेर बाभळीखाली होतो. वाकून पाहिलं नाही."

"मग समक्ष काय पाहिलं?"

"चित्र काढताना पाहिलं."

"बरं," तो म्हणाला. "मग फेरपाहणी लावतो." कधी, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

लेख छापून आला. सोबत केळीच्या बागेचा फोटो. संपादक म्हणाले, बरा आहे. पुलाचा मिळाला नाही, तलावाचा नाही, स्टेशनचा नाही, याचं मला काही वाटत नाही. पुलावरच्या त्या पोलिसावर चार विनोदी ओळी लिहिल्या, लोकांना आवडल्या.

पाटलांनी आठ दिवस सांगितले होते. आज नववा आहे. बोअर चालू आहे का, टँकर आला का, हे सुमनताईंना एक फोन करून कळेल. नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही. माझ्या सहीमुळे तिथे उशीर झाला असेल, आणि ताई ते मला सांगतील, किंवा भलेपणाने सांगणार नाहीत, या दोन्हींची मला भीती वाटते.