सायलीत डेटाबेस बदलला तेव्हा

डेटाबेसमधून एखादी ओळ पुसली की ती लगेच जात नाही. दिसेनाशी होते, पण जागा अडवून पडून राहते. मग सवडीने तिची सफाई होते. नव्या आवृत्तीत ही सफाई म्हणे फार झटपट होते. आमच्या कॉम्प्युटर रूममधल्या किश्शांची सफाई मात्र कुठल्याच आवृत्तीला जमलेली नाही. साठतच चाललेत!

आमची फॅक्टरी सायली गावच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या क्रेटची. मी सिस्टीम सांभाळतो आणि डेटाबेस सांभाळतात खैरनार मॅडम, मूळच्या नंदुरबारच्या. नवी आवृत्ती टाकायचा हट्ट त्यांचाच. तीन वर्षं त्या कॉन्ट्रॅक्टवर होत्या. शेठ म्हणाले, "आठ दिन देखेंगे. एक भी गाडी अटकी तो पुराना वापस. नहीं अटकी तो आप पर्मनंट."

झालं! मॅडमचा जीव आठ दिवस टांगणीला, आणि त्यांच्यामुळे माझाही.

*

डिस्पॅचचा रिपोर्ट पूर्वी आठ मिनिटं घ्यायचा. आता पाच सेकंदांत आला. डिस्पॅचचे राणे, आमचे कोकणातले, स्क्रीनकडे संशयाने बघत राहिले.

"एवढ्या लवकर? काहीतरी सुटलं असणार."

त्यांनी तो तीनदा काढला. तरी समाधान नाही, म्हणून गोडाऊनमध्ये जाऊन क्रेट मोजून आले. आकडा तंतोतंत जुळला. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. राणे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण आता चहाला कधी जायचं?"

*

इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची असते तसंच. तो नव्याने बांधायचा तर पूर्वी सगळी एन्ट्री थांबवावी लागे. मी माइकवरून ओरडायचो, "कोणी एन्ट्री करू नका!" आता काम चालू असतानाच इंडेक्स बांधता येतो. मॅडमनी दुपारी बांधूनही टाकला, कोणाला पत्ता नाही.

तासाभराने स्टोअरचे जिग्नेशभाई वर आले. "अनाउन्समेंट क्यारे? कब करोगे?"

म्हटलं, "काम तो हो गया."

"अरे, हो गया तो बोलो ना! आज इंडेक्स है सुन के सुबह से सबने एन्ट्री रोक के रखी है!"

*

चुकांचे मेसेजही आता स्पष्ट येतात. कुठल्या रकान्यात काय चुकलं ते थेट सांगतात. पॅकिंगचा ऑपरेटर यावर नाराज. "आधीचंच बरं व्हतं साहेब. दोष कॉम्प्युटरवर जायचा!"

*

एकच माणूस एका वेळी दोन शिफ्टमध्ये नको, हा नियम आता डेटाबेसच पाळतो. नियम लावला आणि पहिल्याच झटक्यात सापडले सुपरवायझर भामरे. महिनाभर एकाच वेळी मोल्डिंगलाही होते आणि पॅकिंगलाही.

मॅडमनी विचारलं तर भामरे अजिबात गडबडले नाहीत. "माणूस कमी पडला की तक्त्यात घर रिकामं दिसतं. बरं दिसत नाही ते. मग मी आहेच ना!"

*

सातवा दिवस. नाव, बापाचं नाव, गाव आणि जन्मतारीख सगळंच सारखं असलेला माणूस दोनदा नको, असा नियम मॅडमनी आदल्या दिवशी लावला होता. तेव्हा तीन जोड्या सापडल्या. दोन खरंच दुबार होत्या. तिसरी होती संजय भिका पाटील, शिंदखेड्याकडचं एक गाव, १ जून. मॅडमनी त्यातला एक बंद केला.

सकाळी फोर्कलिफ्टवाला संजय गेटवर अडकला. कार्ड लाल. वॉचमन म्हणे, "आप सिस्टीम में नहीं हो." आतून त्याच नावाचा मोल्डिंगचा संजय धावत आला. माणसं दोन, कागदावर एक! मास्तरांनी शाळेत घालताना अख्ख्या वर्गाची तारीख एकच टाकलेली. तिकडे डॉकवर गाडी उभी आणि भरायला माणूस नाही. तेवढ्यात शेठ आले.

मॅडमनी लॅपटॉप गेटवरच उघडला. जुनं नाव परत चालू करायला नियम तयार नाही. मी म्हटलं, "नियमच काढा." त्या म्हणाल्या, "आधी खरी तारीख तर विचारू. ती वेगळी असेल." फोर्कलिफ्टवाल्या संजयने आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"माय, मी खरा कवय झायथू?"

"पोयाना दिन. सकाय सकाय."

पोळा काही जूनमध्ये येत नाही; मॅडमचा चेहरा उजळला. मग दुसऱ्या संजयने फोन हातात घेतला. "काकू, अन् मी?"

"तूबी त्याच दिन, दुपारले! सुईण पह्यले आमनाकडे उनी, मंग तुमनाकडे गयी."

मॅडमनी निमूटपणे नियम काढला. कार्ड हिरवं झालं, संजय आत पळाला. शेठनी घड्याळ बघितलं. "चालीस मिनिट. गाडी अटकी ना, मॅडम?"

मॅडम सरळ बोलल्या, "अटकी, सर. डेटाबेसची चूक नाही. माझी आहे."

फोन अजून स्पीकरवरच होता. त्यातून आवाज आला, "तुनी कसानी चूक वं माय! चूक त्या मास्तरनी शे!"

शेठ फोनकडे बघून हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर तो अब मिलेगा नहीं. मॅडम का पर्मनंट का लेटर बनाओ."