अर्ध्या इंचासाठी

आमची फोर बाय फोर पिकअप उंच करून घ्यायची ठरली, तेव्हा सगळ्यांचं मत विचारलं गेलं. नवऱ्याचं झालं, दिराचं झालं, दिराच्या दोन मित्रांचंही झालं. राहिले ती मी. आणि गाडी चालवते मीच.

नवऱ्याला गाडी येत नाही. शिकायला बसला त्या पहिल्याच दिवशी त्याने गोठ्याचा कोपरा पाडला, तेव्हापासून तो शेजारी बसून मला रस्ता दाखवतो. दिराला येते, पण त्याला सकाळी उठवायचं म्हणजे ढोल वाजवावे लागतील. म्हणून गेली चार वर्षं दुधाचे कॅन चढवून दोन्ही वेळा डेअरीला मी नेते. दवाखाना, माहेर, संगमनेरचा बाजार, सगळं याच गाडीतून. त्याआधी कुठं जायचं म्हटलं की ‘कुणी सोडतंय का’ म्हणून दारात ताटकळायचे. आता किल्ली माझ्या कमरेला असते, आणि ती मला मंगळसूत्राइतकीच जपावीशी वाटते. हे कुणाला आवडो न आवडो.

अडचण खरी होती. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत आमच्या वस्तीच्या रस्त्याने जातात. काळ्या रानात खोल चर पडतात आणि मधे उंचवटा राहतो. पिकअपच्या मागच्या एक्सलला मध्यावर जी गोल पेटी असते, ती त्या उंचवट्यावर घासायची. मी ब्लाउज शिवायची टेप घेतली आणि चरात उतरून मोजलं. उंचवटा साडेआठ इंच. मग गाडीखाली आडवी झाले. पेटीखाली जागा आठ इंच. प्रश्न होता अर्ध्या इंचाचा.

गाडीखाली पडल्या पडल्या आणखी एक गोष्ट दिसली, जी बघायला इंजिनियर व्हावं लागत नाही. एक्सल टायरवर उभा असतो आणि गाडी स्प्रिंगवर. स्प्रिंग उंच करून गाडी माडीएवढी चढवली तरी एक्सल जागचा हलत नाही. त्याला वर न्यायचं तर टायरच उंच हवा.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने नवऱ्याला मोबाईलवर फोटो दाखवला. कुठल्या तरी परदेशी वाळवंटात एक गाडी दगडावर चढून उभी होती.

“दादा, चार इंच लिफ्ट करू. टायर याच उंचीचं, पन रुंद. बाहेर निघाल्यालं. गाडी रस्त्यानं चालली की लोक वळून बघत्याल.”

“वळून बघून काय करायचंय?” मी म्हणाले. “लिफ्ट एक इंच बास. टायर दोन इंच उंच घ्या, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा एक्सल त्याच्या निम्मा, इंचभर वर येईल. आणि अरुंदच ठेवा, चरात बसले पाहिजेत.”

मिस्त्रीने नवऱ्याकडे बघून विचारलं, “वहिनी काय म्हनत्यात?”

मी मराठीतच बोलत होते!

दीर हसला. “वहिनी, टेक्निकल हाय ते. तुमी फकस्त स्टेरिंग धरता.” नवऱ्याने फोटोकडे बघत मिस्त्रीला मान डोलावली. ते मला जास्त झोंबलं.

चार इंच झाले. रुंद टायर आले. घरी येताना उंचवट्यावर पेटी पहिल्यासारखीच घासली. “गवत असंल,” शेजारी बसलेला नवरा म्हणाला. संध्याकाळी दूध चढवायला गेले, तर माझ्या कमरेशी असलेला मागचा फाळका बरगडीशी आलेला. वीस लिटरचा कॅन मी आधी मांडीवर टेकवते आणि मग वर सरकवते. आता मांडी आणि फाळका यांच्यात दरी पडली होती. तिसऱ्या कॅनला पाठीत अशी चमक निघाली की मी मटकन खाली बसले.

“मग तू नको चालवूस,” नवरा म्हणाला. “धाकटा नेईल. किल्ली त्याच्याकडं दे.”

किती सहज म्हणाला! गाडी माझ्या अंगाला बसेना, तर गाडी नाही बदलायची, मलाच उतरवायचं. संतापाने माझे कान तापले. तरी मी किल्ली दिली, कारण त्या पाठीने मी दुसरं काही करूच शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दीर तासाभरातच परतला. रुंद टायर चरात मावेना, एका बाजूने काठावर चढला, आणि आधीच उंच झालेली गाडी अशी कलली की चारही कॅन आडवे झाले. “रस्ताच बेकार हाय,” तो म्हणाला. मी जाऊन बघितलं. चरातल्या मातीत दूध मुरत होतं. माझंच खरं झालं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पहाटे उठून धार मी काढली होती. मी तिथेच उभी राहून रडले.

मग मी नवऱ्याच्या हातात टेप दिली. “झोपा गाडीखाली. मोजा.”

तो टेप घेऊन गाडीखाली सरकला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. “आठच हाय की गं,” खालून आवाज आला.

पुन्हा गॅरेज. एक इंच लिफ्ट, दोन इंच उंच, अरुंद टायर. काम झालं, फाळका जवळजवळ जागेवर आला. मिस्त्रीने गाडीला चक्कर मारली आणि नवऱ्याला म्हणाला, “दादा, ह्ये डोकं लावलंत बगा. ऊसाच्या वाटंला ह्येच पायजे. कसं काय सुचलं?”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघितली. खरंच बघितली.

“आता अनुभव हाय ना,” तो म्हणाला.

मी किल्ली घेतली, स्टेअरिंगवर बसले आणि शेजारचं दार आतून बंद केलं. तो हँडल ओढत राहिला. काच खाली करून मी सांगितलं, “मागं बसा. कॅनपाशी.”

मिस्त्री बघत होता. नवरा फाळक्यावरून मागे चढला, आणि मी गाडी काढली.