गोदामातल्या वायरलेसचं बटण

त्या फिर्यादीची आठवण आजही झाली की मला आधी हसू येतं. चोरीला काय गेलं, तर एका जुन्या वायरलेस सेटचं काळं बटण. भंगारवाल्याला फुकट दिलं असतं तरी त्यानं घेतलं नसतं. पण त्या बटणापायी एका भल्या माणसाच्या नावाला काळिमा लागायची वेळ आली होती, म्हणून ही हकिकत लिहून ठेवतो. नाव कुणाचंच देत नाही.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. नव्वदच्या दशकात बहरीनच्या पोलीस दलात तपासाच्या कामावर होतो. मराठी, हिंदी, अरबी आणि कामापुरतं इंग्रजी येत असल्यामुळे हिंदुस्तानी माणूस गुंतलेलं प्रकरण आलं की आमचे साहेब ते माझ्या टेबलावर टाकून मोकळे होत. "तुझी माणसं, तू बघ," एवढाच त्यांचा हुकूम असे.

शनिवारी सकाळी हजेरी आटोपून मी पहिला चहा घेत होतो, तेव्हा एक वयस्कर बहरिनी व्यापारी ठाण्यात आला. सित्रामध्ये त्याचं जहाजांना आणि कारखान्यांना सुटे भाग पुरवण्याचं गोदाम होतं. गोदामाच्या ऑफिसात त्याच्या वडिलांच्या लाँचवरचा वायरलेस सेट आठवण म्हणून ठेवलेला होता. सेट कित्येक वर्षं बंद. मालक मात्र येता-जाता त्याचं बटण फिरवायचा.

"म्हणजे बटण चोरीला गेलं?" मी विचारलं.

"बटण जागेवर आहे," तो म्हणाला. "पण ते माझं नाही."

मागे ठाणे अंमलदाराला अचानक खोकला लागला. मीही कसंबसं हसू दाबलं आणि गोदाम पाहायला गेलो. सेटवर बटण होतं. काळं, पितळी काट्याचं, चांगलं जुनं दिसणारं. मला तरी त्यात काही खोट दिसेना.

"खोट नाही, तीच तर खोट आहे," मालक म्हणाला. "माझ्या बापाच्या बटणाचा काटा किंचित वाकला होता. अर्ध्यावर आला की तबकडीला घासायचा, खर्र करायचा. मी लहानपणी त्याच्या मांडीवर बसून ते फिरवत असे. आता फिरवून बघ."

मी फिरवलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. मालकाचे डोळे भरून आले होते. त्यानंतर मला हसू आलं नाही.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या एकाच माणसाकडे असत, तो म्हणजे स्टोअरकीपर. हा रायगडातल्या एका गावचा, चौदा वर्षं त्याच गोदामात. मालकाने गुरुवारी संध्याकाळी सगळ्या कामगारांसमोर त्याला चोर म्हटलं होतं. त्याचा पासपोर्ट मालकाच्याच ड्रॉवरमध्ये होता, व्हिसा रद्द करून येत्या गुरुवारच्या विमानाने त्याला घरी पाठवायचं ठरलं होतं.

मी त्याची दोन तास चौकशी केली. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस तारीख-वार अगदी चोख सांगतो, कारण त्याने ते पाठ केलेले असतात. या गृहस्थाला कोण कुठल्या दिवशी आलं ते धड आठवेना. पण कुठलं गिऱ्हाईक चहात किती साखर घेतं ते मात्र तोंडपाठ. गोदामात येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने चहा पाजायची त्याची रीत होती.

उठताना तो म्हणाला, "साहेब, नोकरी गेली तर जाऊ द्या. गावाला काय तरी करून खाईन. पण चोर म्हणून घालवू नका. आमच्या आळीतला एक जण काल रजेवर गेलाय. आतापावेतो गावभर झालं असेल."

मी मालकाकडे बुधवारपर्यंतची मुदत मागितली. त्याने मान हलवली. "बुधवार. इंशाल्ला." माणूस शब्दाचा पक्का होता, तेव्हा आता घाई मलाच करायची होती.

रविवार असाच गेला. सोमवारी साधा विचार केला. बटण विकून कुणाला काही मिळणार नाही. म्हणजे चोराला पैसे नकोत, बटणच हवं आहे. मग अशी बटणं जिथे मिळतात तिथे विचारावं. ईसा टाउनच्या जुन्या बाजारात एक म्हातारा मोडके रेडिओ विकत बसे. विषय काढताच तो हातवारे करू लागला.

"चार वेडे आहेत! तुझ्यासारखे हिंदी! दर शुक्रवारी येतात. रेडिओ घेत नाहीत, नुसती बटणं बघतात. फोटो दाखवतात, म्हणतात असंच पाहिजे, दुसरं मफी, नकोच." मग जरा थांबून म्हणाला, "तीन शुक्रवार झाले, विचारत नाहीत."

शोधणारा माणूस शोधायचा थांबला, तर एक तर तो कंटाळला, नाहीतर त्याला वस्तू मिळाली. चौघे एकदम कंटाळत नाहीत. म्हाताऱ्याकडे त्यांनी ठेवलेला एक फोटो होता, तो मी घेतला. टीव्हीच्या पडद्याचा फोटो होता तो. आडव्या पांढऱ्या रेघा, अंगठ्या घातलेला एक जाडजूड हात आणि त्या हाताखाली आपलं बटण.

तपासाचे कागद घरी नेऊ नयेत, हा नियम मी त्या दिवशी मोडला. जेवायला बसलो असताना बायकोने फोटो पाहिला आणि वाढता वाढता सिनेमाचं नाव सांगून टाकलं. "अहो, हा तर खलनायकाचा हात! तो बटण फिरवतो आणि हिरोच्या पायाखालची जमीन सरकते. लहानपणी तंबूत पाहिलाय मी." मी पोलिसात इतकी वर्षं घालवली, पण असा पंच मला दुसरा मिळाला नाही.

मंगळवारी सकाळी मनामातल्या कॅसेटच्या दुकानात गेलो. त्या जुन्या सिनेमाचं नाव घेताच दुकानदार कळवळला. एकच गिऱ्हाईक ती कॅसेट सारखी नेतं, आणि त्याने एकाच जागी थांबवून थांबवून टेप तिथे पार झिजवून टाकली आहे, अशी त्याची तक्रार. गिऱ्हाइकाचा पत्ता वहीत होता. उम्म अल हस्सममधला फ्लॅट.

झडतीचा कागद घेऊन दुपारी तिथे पोचलो. दार उघडणारा माणूस सांगलीकडचा, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. आमचे गणवेश पाहून घाबरला, तरी "या, बसा," म्हणाला. हॉलमध्ये कपाटाएवढं एक यंत्र उभं होतं. राखाडी रंगाचा प्लायवूड, त्यावर बॉयलरचा जुना गेज, टेलिफोनची डायल, लाल दिवे. खलनायकाचं यंत्र सिनेमात होतं तसं बनवायचा या चार मित्रांना नाद लागला होता. पडद्यावर दिसणारा एकेक भाग खरा कशाचा होता ते ओळखायचं आणि तोच भाग जगाच्या पाठीवर कुठूनही मिळवायचा. दोन वर्षं शुक्रवारची सुट्टी त्यांनी यात घातली होती. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच.

टेबलावर कापूस पसरलेला एक ट्रे होता. त्यात एकसारखी सहा बटणं.

"ही सगळी मीच केलीत," तो म्हणाला.

त्याला ठाण्यात आणलं. मंगळवार संध्याकाळ आणि बुधवार सकाळ, माणूस त्याच एका वाक्यावर अडून होता. आवाज चढवून पाहिला, गोड बोलून पाहिलं. सहा बटणं आलटूनपालटून पाहिली. सगळ्यांचे काटे सरळ होते, म्हणजे मालकाने सांगितलेली खूणही पुसलेली. बाहेरच्या बाकावर स्टोअरकीपर येऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं. मी दर वेळी त्याच्यासमोरून मान खाली घालून जात होतो.

दुपारी हात टेकले आणि मुद्देमालाची यादी करायला घेतली. यादी अरबीत लिहायची, ज्याची त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची आणि सही घ्यायची, ही आमची पद्धत. मी लिहिलं तसं वाचून दाखवलं: "काळी प्लास्टिकची बटणं, सहा नग. सर्व सहा नग मी स्वतः तयार केले आहेत."

त्याने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"साहेब, प्लास्टिक नाही. बेकलाइट."

"बरं, बेकलाइट. करा सही."

"नाही करता येणार."

"का?"

"सहा नग नाहीत ते. एक आणि पाच आहेत." त्याने ट्रेमधून एक बटण उचलून बाजूला ठेवलं. "हे मी केलेलं नाही, साहेब. ज्यानं केलं तो मोठा कारागीर होता. त्याच्या कामाखाली माझी सही कशी करू?"

आदल्या दिवसापासून तोंडाने खोटं बोलणाऱ्या त्या माणसाचा हात मात्र खोटी सही करायला धजेना. साहेबांनी पुढे माझी पाठ थोपटली, काय युक्ती केलीस म्हणून. खरं सांगायचं तर युक्ती-बिक्ती काही नव्हती. मी थकलो होतो आणि आळसाने सगळी बटणं एका ओळीत उरकली होती.

मग सगळं बाहेर आलं. कारखान्याच्या कामासाठी तो त्या गोदामात जात असे. सेट पाहिला आणि त्याची झोप उडाली. चार खेपांमध्ये गुपचूप व्हर्नियर लावून मापं घेतली, हुबेहूब नक्कल केली, काट्याचा वाक तेवढा दोष समजून सोडून दिला, आणि एके दिवशी बदलून टाकली. खऱ्या बटणाचा वाकलेला काटा घरी आणून सरळ केला, कारण सिनेमात तो सरळ होता.

"बदललं कधी?"

"स्टोअरकीपर माझ्यासाठी चहा करायला आत गेले, तेव्हा."

"त्यांची उद्या पाठवणी आहे," मी म्हणालो. "चोर म्हणून."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुणाला कळणारच नाही, अशी त्याची खात्री होती. "साहेब, मला आत्ता तिकडे न्या," एवढंच तो म्हणत राहिला.

साहेबांच्या परवानगीने आम्ही संध्याकाळच्या आत गोदामावर पोचलो. ड्राफ्ट्समनने स्टोअरकीपरचे पाय धरले. मग खरं बटण बसवलं, आणि मालकाला विचारून काटा पूर्वीसारखा थोडा वाकवला. मालकाने फिरवलं. अर्ध्यावर खर्र झालं. म्हातारा इतका खुलून हसला की फिर्याद तिथल्या तिथे मागे घेतली. वर ड्राफ्ट्समनला शिक्षा सांगितली, की शुक्रवारी येऊन हा बंद सेट चालू करून द्यायचा. मग किल्ल्यांचा जुडगा काढून स्टोअरकीपरसमोर धरला. "घे. खलास."

स्टोअरकीपरने हात पुढे केला नाही. "अरबाब," तो मालकाला म्हणाला, "बोललात सगळ्यांसमोर. आता एकट्याला सांगून कसं चालेल?" मी त्याचं म्हणणं अरबीत सांगितलं.

मालकाने बाहेर जाऊन सगळ्या कामगारांना बोलावलं, ड्रायव्हरलासुद्धा, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मोठ्याने म्हणाला, "ये आदमी चोर नहीं. गलती मेरा." तेव्हा स्टोअरकीपरने किल्ल्या घेतल्या आणि चहा ठेवायला आत गेला. मला तेव्हा त्या दोघांचाही फार अभिमान वाटला.

चहा देताना तो माझ्याजवळ वाकला. "साहेब, इकडचं झालं. गावचं काय?"

गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. ठाण्यातून मी तो लावला. "मी बहरीन पोलिसातून बोलतोय," म्हणताच वाण्याने रिसीव्हर आदळला. पुन्हा लावला. "अहो, ठेवू नका! मी रत्नागिरीचा!"

"मग तसं आधी सांगायचं ना!" वाणी म्हणाला आणि स्टोअरकीपरच्या बायकोला बोलवायला माणूस धाडला.

दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा लावला, तेव्हा ती आलेली होती. मी सगळं नीट, सरकारी भाषेत सांगितलं. तुमच्या यजमानांवरचा आरोप खोटा ठरला आहे, खरा माणूस सापडला आहे, मालकाने चारचौघांत चूक कबूल केली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ह्यांनी चोरी केली नाय ते मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळायला इतके दिवस का लागले?"

शेजारी बसलेल्या स्टोअरकीपरच्या हातात मी रिसीव्हर दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. फिर्याद मिटली की कागद मिटतात, माणसाच्या नावाला लागलेला डाग त्याने धुतला जात नाही, हे मला त्या फोनने शिकवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत, निर्दोष ठरलेल्या प्रत्येक माणसाला मी स्वतः गणवेशात त्याच्या दारापर्यंत पोचवायला गेलो, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याची माफी मागितली.