ब्रेकमधली हवा

ब्रेकच्या नळीतून हवेचा बुडबुडा निघाला की मला अजून बरं वाटतं. एवढीशी हवा आत राहिली तरी पेडल मऊ पडतं, ब्रेक नीट लागत नाही. मनात राहिलेल्या गोष्टीचंही तसंच असावं. आमच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं हे काम मी आणि मित्र दत्तू मिळून करतो. मी पेडल दाबतो, तो नट सैल करून हवा काढतो आणि पुन्हा आवळतो; त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत शिरते. तरुणपणी कामं उलट होती. तेव्हा एकदा ब्रेक न लागल्याने गाडी कुंपणात घुसली आणि मी सगळ्यांना सांगितलं, "दत्तूनेच पाय लवकर उचलला."

आज म्हणालो, "दत्तू, तेव्हा नट आवळायला मीच विसरलो होतो."

गाडीखालून हसू आलं. "ठाऊक आहे रे! म्हणून तर पाना तुझ्या हातात देत नाही. दाब आता!"

दाबलं. पेडल घट्ट लागलं.