मामाच्या साडीला रंग चढेना

संशय घ्यायची सवय मला आत्याकडून आली. ती दुधात बोट बुडवून बघते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मी हळदीवर आम्ल टाकून बघते. फरक एवढाच.

माझ्या मुलीच्या लग्नात आईनं मामाची रेशमी साडी नेसावी, असं माझ्या मनात आलं. रिठदच्या मामानं, तिच्या एकुलत्या भावानं, ती माझ्या बारशाला आणली होती. आता मामा नाही, आणि साडीही विटली होती. "रंगवून आणते," म्हटलं, तर आई म्हणाली, "नोको, राहू दे तशीच." मी ऐकते थोडीच!

वाशीमच्या रंगाऱ्याकडे दिली. परत आली ती तशीच विटकी. "रंग धरून नाई राह्यली, म्याडम," एवढंच तो म्हणाला. माझं डोकं फिरलं. रेशीम म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखं. आम्ल घातलेल्या गरम पाण्यात ते रंग पकडतंच. म्हणजे यानं खरी साडी ठेवून घेतली आणि तसलीच दुसरी माझ्या गळ्यात मारली!

घरी येऊन पदराचा धागा जाळला. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटानं चुरडते. हा धागा वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर! त्याला रेशमाचा रंग धरतच नाही. रंगाऱ्याशी भांडायला पुरावा हवा, म्हणून आईच्या पेटीतून त्याच साडीचं न शिवलेलं ब्लाउजपीस काढलं. त्याच्या धाग्याचाही मणीच झाला.

आई दारात उभी होती. "मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. वाडीतले वांगे इकून आनली होती तुया मामानं. तुया आत्यानं चारचौघीत इचारलं, रेशमी हाय का? त्याची मान खाली गेली. म्हनून म्याच म्हनलं, हो, रेशमी हाय."

मला रडू आलं आणि रागही, कोणाचा ते कळेना.

लग्नात आई तीच विटकी साडी नेसली. आत्यानं लगेच पदर चिमटीत धरून मला विचारलं, "काहून व, तू तं रंगवाले नेली होती ना? रंग काहून नाई चढला?"

आई माझ्याकडे बघत होती.

"आत्या, रेशीम लय जुनं झालं का रंग धरत नाई," मी म्हणाले. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

आत्या माझ्याकडे संशयानं बघत राहिली. आईनं तिच्या चिमटीतून पदर सोडवला आणि खांद्यावर नीट घेतला.