अंगणातलं हाड

माहेराहून काय आणलं, असं कोणी विचारलं तर मी सांगते, दोन लुगडी, एक पितळेचा गडवा आणि एक वाया गेलेलं कुत्रं. त्यातलं कुत्रं मला कोणी दिलं नव्हतं, ते आपलं आपणच आलं. आमच्या लोकांनी नागपुरात दीक्षा घेतली, त्यानंतरच्या माघात माझं लग्न झालं. बंडी निघाली तशी ते आडमाप पाय फेकत मागे पळायला लागलं. नवऱ्यानं खाली उतरून हाकललं, ढेकूळ भिरकावलं, पण ते आपलं थोडं थांबायचं आणि पुन्हा मागे. नाल्यापाशी मी वळून पाहिलं तर पाण्यातून नुसतं डोकं वर काढून येत होतं. मी तेव्हा रडत होते. ते ध्यान पाहून मला हसू फुटलं. सासरच्या वाटेवर हसणारी नवरी म्हणजे लोकांनी कायमचं नाव ठेवलं असतं, म्हणून मी पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

सासर म्हणजे पांढरकवड्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या सडकेच्या थोडं आत एक गाव, आणि त्या गावाच्या कडेला आमची वस्ती. घरात सासरे, सासू आणि मी. नवरा वणीकडे कोळशाच्या खाणीत कामाला होता, सुटी मिळेल तेव्हा यायचा. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे, म्हणजे मनातल्या मनात. कारण आमच्यात नवी सून सासऱ्याशी बोलत नसे. काही सांगायचंच झालं तर आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना सांगायचं आणि मामंजींनी ते कुडापलीकडून ऐकायचं. त्यांना उत्तर द्यायचं असलं तर तेही आत्याबाईंनाच द्यायचे. म्हणून दिवसभर बोलायला मला ते कुत्रंच होतं. माझ्या गावची बोली कळणारं तेवढंच एक होतं तिथं.

पण गुणाचं नव्हतं, बाप्पा. जे लोंबकळेल ते ओढायचं. शेजारणीच्या कोंबड्यांच्या मागे लागायचं. मामंजींनी दीक्षेपासून पांढरं धोतर घालायला सुरुवात केली होती. ते कुडावर वाळत घातलं की याच्या अंगात यायचं. एकदा फाटलेलं टोक हातात धरून मामंजी कितीतरी वेळ उभे राहिले. मग काठी उचलली. उगारली. आणि तशीच खाली ठेवली. जीव मारायचा नाही, असं शील घेतलेला माणूस. आता पाठीत एक सटका दिल्यानं काही जीव जात नाही, पण मामंजी शील घ्यायचे तर पूर्णच घ्यायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याविषयी मायाही वाटायची, दोन्ही एकदमच.

एवढ्यावर निभावलं असतं. पण कुत्र्याला हाडं आणायची सवय लागली, आणि आमच्या घरात हाड म्हणजे नुसतं हाड नव्हतं.

मेलेली ढोरं ओढून नेणं हे काम गावानं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांच्या माथी मारलं होतं. मामंजी नागपूरहून आले ते सरळ चावडीवर गेले आणि आजपासून आमची वस्ती हे काम करणार नाही, मेल्या ढोराचं काही खाणार नाही, असं सांगून आले. त्या दिवसापासून मालकाकडची सालदारी, म्हणजे वर्षाच्या बोलीवरची चाकरी, सुटली. मालक म्हणजे ज्याच्या शेतात मामंजींनी उमेदीची सगळी वर्षं घातली तो शेतकरी. त्याची वाट आमच्या अंगणावरूनच जायची. माझं लग्न झालं त्याच महिन्यात त्याचा पांढरा बैल साप चावून मेला. मामंजींनी त्याला गोऱ्हा असल्यापासून वाढवला होता. दीक्षेआधीच्या पोळ्याला त्याची शिंगं लाल रंगानं रंगवली ती मामंजींनीच. बैल मेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी भाकर पुढे सारली आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसले. पण ओढायला गेले नाहीत.

मग मालकानं आणि त्याच्या माणसांनी बैल ओढला. त्यांना सवय नाही, दोर कुठं बांधावा ते ठाऊक नाही. मेली ढोरं टाकायच्या टेकडीपलीकडच्या जागेपर्यंत काही पोचले नाहीत, आमच्या नाल्याशीच दमले आणि तिथंच टाकून गेले. उन्हाळा लागेपर्यंत गिधाडांनी आणि कुत्र्यांनी त्याची हाडं मोकळी केली. आणि माझं कुत्रं रोज त्यातलं एक तोंडात धरून, मान ताठ करून, वस्तीतून मिरवत आमच्या अंगणात यायला लागलं.

मालक वाटेवरून जाताना थांबायचा. "सोडलं म्हणतोस न गा? मंग अंगणात हे काय हाय?" असं म्हणायचा आणि पुढे जायचा. मोठ्यानं नाही, साधंच बोलायचा, पण अख्ख्या वस्तीला ऐकू जायचं. मामंजींजवळ चावडीवर दिलेला शब्द तेवढा होता. शेत नव्हतं, काम गेलेलं, आता तो शब्दही कुत्रं चघळून राहिलंय असं गाव म्हणणार. शेवटी एक दिवस ते आत्याबाईंना म्हणाले, "सुनेले सांग. पौर्णिमेले गावोगावचे लोक जेवाले येतीन, आपल्याच अंगणात बसतीन. तोवर हे शिकलं तं ठीक. नाई तं सडकेवर नेऊन हैदराबादच्या ट्रकात टाकतो. मारत नाई, पण ठेवतबी नाई."

पौर्णिमा म्हणजे वैशाखातली, बुद्धजयंतीची. कुत्रं ट्रकात बसून हैदराबादला निघालंय आणि मागे पाहून राहिलंय, हेच चित्र डोळ्यांसमोर यायचं.

मी शिकवायला लागले. आधी गळ्यात लोढणं अडकवलं. पळकुट्या ढोराच्या गळ्यात लाकूड लटकावतात ना, म्हणजे पळताना ते पायात येतं, तसं. आमच्या शहाण्यानं ते लाकूडच तोंडात धरलं आणि दुप्पट मिरवत गावभर हिंडून आला. मग बांधून ठेवलं, तर दोर कुरतडला. मग मी हाडाला मिरचीचा ठेचा चोपडला. त्यानं चाटून पाहिला, शिंकलं, रांजणातलं प्यायचं पाणी उष्टं केलं आणि हाड घेऊन पुन्हा हजर. मी चिडून रडले. त्याला वाटलं खेळतेच आहे.

एका दुपारी मी कापूस वेचून झालेल्या रानातून पऱ्हाटीचा भारा घेऊन आले. कुडामागे भारा टाकते न टाकते तोच ते हाड घेऊन आलं. मला वाटलं माझ्याकडे येईल. पण माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशी गेलं, हाड अलगद खाली ठेवलं आणि शेपटीनं जमीन झाडत भाकरीच्या टोपल्याकडे पाहत बसलं. आतून आत्याबाई लगबगीनं आल्या. इकडे तिकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडून लांब भिरकावला, आणि ते तुकड्यामागे धावलं तसं हाड पदराखाली घेऊन उकिरड्यात पुरलं. हात धुतले. हे त्या रोजच करत होत्या.

मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही तं त्याले मजुरी देऊन राह्यल्या."

त्या दचकल्या. मग खाली बसल्या. म्हणाल्या, "मंग काय करू व? हाड तसंच पडू देऊ? कोणी पाह्यलं म्हणजे? माहा जनम त्या वासात गेला बाई. मले तं डोळ्यानं दिसलं का हात आपोआप चालते."

कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर सगळं चोख होतं. हाड आणलं की भाकर मिळते, मोठं आणलं की मोठा तुकडा मिळतो. लाज आम्ही झाकत होतो आणि त्या लाजेवर ते गुटगुटीत होत होतं.

उपाय मला तेव्हाच कळला, पण तो सांगायला जीभ रेटेना. हाड आणलं तर त्याच्याकडे कोणी पाहायचंच नाही. रागवायचं नाही, झाकायचं नाही, उचलायचं नाही. आणि रिकाम्या तोंडानं आत आलं की भाकर द्यायची. म्हणजे हाड अंगणात पडून राहणार, येणारेजाणारे ते पाहणार, आणि ओट्यावर मामंजी बसलेले असणार. हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगावं? आत्याबाईंना सांगा म्हटलं, तर त्या कानावर हात ठेवून मोकळ्या झाल्या.

मग मी ते कुत्र्याला सांगितलं. मामंजी ओट्यावर होते. मी अंगणात पाठमोरी बसून कुत्र्याचे कान चोळत त्याला म्हटलं, "तुले वाटते हाडाचे पैसे भेटते. आता कोणी देणार नाई. पडू दे हाड. ज्याले पाहाचं थो पाहीन. पण घरातल्या माणसाईची छाती पाह्यजे तेवढी."

शेवटचं वाक्य बोलले आणि माझं मलाच वाटलं, सुनेच्या तोंडी हे शोभत नाही. मग मामंजी खाकरले आणि तेही कुत्र्यालाच म्हणाले, "पाहू बुवा. पडू दे."

दुसऱ्या दिवसापासून हाडं अंगणात पडून राहायला लागली. माझ्या उभ्या आयुष्यात इतके लांबलचक दिवस मी पाहिले नाहीत. कुत्रं हाड ठेवायचं, शेपटी हलवायचं, आमच्या तोंडाकडे पाहायचं, आणि आम्ही सगळे भिंतीकडे बघत बसायचो. आत्याबाई हाताच्या मुठी पदरात गुंडाळून ठेवायच्या. मालक आला. थांबला. म्हणाला, "आता तं लपवतबी नाईस?"

मामंजी म्हणाले, "म्या सोडलं मालक. कुत्र्यानं दीक्षा नाई घेतली अजून."

आतल्या आत मला हसू आवरेना. मालकही क्षणभर गोंधळला आणि चालता झाला. पण त्या रात्री मामंजी नीट जेवले नाहीत, हेही खरं. उत्तर दिलं तरी माणूस आतून सोलला जातो.

हळूहळू कुत्र्याला समजायला लागलं. हाड टाकून पाणी प्यायला गेलं आणि रिकामं परत आलं की मी भाकर द्यायची. मग ते हाड अंगणाच्या मध्यावर न टाकता कडेला टाकायला लागलं. मग ताटीजवळ, म्हणजे अंगणाच्या झापाच्या दाराजवळ. पण ताटीच्या बाहेर काही टाकेना, आणि पौर्णिमा तर तोंडावर आली.

पौर्णिमेच्या दिवशी अंगण सारवलं, पांढऱ्या कपड्यांची माणसं गावोगावाहून आली, वंदना झाली आणि पंगत बसली. आलू-वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी. नवराही खाणीतून आला होता. मामंजी पंगतीच्या तोंडाशी बसलेले, ताटीच्या समोरच. मी वाढत होते आणि माझा अर्धा जीव वाटेवर होता. कुत्रं सकाळपासून दिसलं नव्हतं.

पंगत अर्ध्यावर आली आणि ते दिसलं. नाल्याकडून येत होतं आणि त्याच्या तोंडात या वेळी हाड नव्हतं. शिंग होतं. लांब, वाकडं, आणि त्यावर अजून लाल रंग चिकटलेला. त्याच्या मागून, शेतातून परतणारा मालक येत होता.

एकेक करून सगळे हात थांबले. कुत्रं ताटीत उभं राहिलं. आत्याबाई सवयीनं अर्धवट उठल्या, टोपल्याकडे हात गेलाच. मामंजी हळूच म्हणाले, "बस. जेव तू." त्या बसल्या. मी वाढणीचं भांडं हातात घेऊन उभी, कुत्र्याकडे पाहायचं नाही म्हणून वरणाकडे पाहत होते. वरणात काही दिसत नव्हतं, डोळेच भरले होते.

ते बराच वेळ उभं होतं. मग मागे सरकलं, ताटीच्या बाहेर गेलं, शिंग वाटेवर ठेवलं आणि रिकाम्या तोंडानं आत येऊन माझ्या पायाशी बसलं.

शिंग मालकाच्या पुढ्यात पडलं होतं. त्यानं ते पाहिलं, मग पंगतीकडे पाहिलं. एरवी आमच्यातलं कोणीतरी पटकन उठलं असतं आणि त्याची वाट मोकळी करून दिली असती. कोणी उठलं नाही. मामंजींचा घास हातातच होता आणि त्यांची नजर त्या लाल रंगावर होती, त्यांनी स्वतःच्या बोटांनी लावलेल्या. मालकही रंगच पाहत होता. ओलांडून जाईल असं मला वाटलं. पण तो वाकला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं शिंगावरची माती पुसली, शिंग त्यात गुंडाळलं आणि काखेत धरलं. गावातल्या माणसानं मेल्या ढोराचं काही आपल्या हातानं, आपणहून उचललेलं आमच्या वस्तीनं पाहिलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

"हे मी नेतो," तो म्हणाला.

"न्या," मामंजी म्हणाले. "गुणाचा होता."

मालकानं मान हलवली आणि तो गेला. मग मामंजींनी वर पाहिलं. आत्याबाईंकडे नाही, कुत्र्याकडे नाही, सरळ माझ्याकडे. त्या घरात आल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"उभी काहून राह्यली पोरी?" ते म्हणाले. "रिकाम्या तोंडानं आला न थो. दे त्याले भाकर."